उद्याची भाकर

प्रतिदिनी सकाळी घंटा झाल्यावर आपण सर्वजण सभागृहात उभे राहतो व प्रभूने शिष्यांस शिकविलेली प्रार्थना म्हणतो. ती आपल्या इतकी तोंडची झाली आहे की, तिच्यात आपण नेमके काय मागतो याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तिच्यात स्वर्ग आहे, राज्य आहे, परीक्षा आहे. पण अगदी मधोमध दोन शब्द असे आहेत की, ते देवळापेक्षा बाजारपेठेच्या अधिक जवळचे वाटावेत. एक शब्द भाकर, आणि दुसरा ऋण. मत्तयाच्या शुभवर्तमानातील मूळ शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारातलाच आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरकारांनी त्याला सोवळे न नेसविता तो 'ऋण' असाच ठेविला, हे त्यांचे आपल्यावर मोठेच उपकार होत.

भाकरीच्या मागील विशेषणाचीही एक गंमत आहे. ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण 'रोजची' असे करतो, तो शब्द इतर ग्रीक वाङ्मयात जवळजवळ आढळतच नाही. त्यामुळे त्याचा अर्थ आजची, पुरेशी, की येत्या दिवसाची, याविषयी पंडितांत जुना वाद आहे. त्या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. तथापि तो माझ्या मनात वारंवार येतो. कारण आजची भाकर आणि उद्याची भाकर यांच्यामध्ये जी रात्र असते, तिच्यातच लोभाचा जन्म होतो, असे माझे मत झालेले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

द्रव्य आणि धर्म या विषयावरील लेख शालेय वार्षिकांस नवे नाहीत. बहुतेकांत श्रीमंतांस उपदेश केलेला असतो. आपल्या शाळेत श्रीमंतांची मुले फार थोडी, आणि शिक्षकांत तर एकही श्रीमंत नाही. त्यामुळे असा लेख आला म्हणजे तो शेजारच्या बंगल्यातील गृहस्थांसाठी लिहिलेला आहे असे समजून आपण सुखाने पान उलटतो. लोभ हा श्रीमंतांचा रोग आणि देवावरील भरवसा हा गरिबांचा सद्गुण, अशी वाटणी आपण परस्पर करून टाकिली आहे. प्रभु येशूने ती केलेली नाही.

लूकाच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय उघडून पाहा. दोन भावांत वडिलार्जित मालमत्तेचा तंटा असतो, व त्यांपैकी एकजण, तुम्हीच भावाला वाटा द्यावयास सांगा, अशी प्रभूस गळ घालतो. आपल्याकडे गावातील वडीलधाऱ्या माणसास पंच म्हणून बोलाविण्याची जी रीत आहे, तसाच हा प्रकार. प्रभु पंच होण्याचे साफ नाकारतो आणि एक दाखला सांगतो. एका धनवानाच्या जमिनीस उदंड पीक आले. ते ठेवावयास जागा पुरेना. तेव्हा त्याने जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा विचार केला, आणि त्याच रात्री त्याचा प्राण गेला. हा मनुष्य चोर नव्हता. त्याने कोणाचे वजन मारिले, मजुरी बुडविली, असे दाखल्यात एक अक्षरही नाही. पीक देवाने दिले, आणि कणगी लहान पडली तर मोठी करणे हे कोणताही शहाणा शेतकरी करील. मग तो मूर्ख का ठरला? त्याचे मनातले बोलणे लक्षपूर्वक वाचले म्हणजे ध्यानात येते की, त्यात माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव, याखेरीज दुसऱ्या कोणाचा उल्लेखच नाही. ना बायको, ना गडी, ना शेजारी. एवढे मोठे शेत, आणि त्यात माणूस एकटा!

येथपर्यंतचा भाग आपण रविवारच्या शाळेत ऐकलेला असतो. पण पुढची ओळ वाचावयाची आपण विसरतो. दाखला संपतो न संपतो तोच प्रभु शिष्यांकडे वळतो व त्यांस कावळ्यांकडे आणि भूकमळांकडे पाहावयास सांगतो; काय खावे, काय ल्यावे याची चिंता करू नका, असे बजावितो. आता हे शिष्य कोण? कित्येकजण जाळी टाकून आलेले मासेमार. त्यांच्याजवळ कोठार कोठून असणार? लोभाची गोष्ट संपताच निर्धनांस चिंतेचा उपदेश कशासाठी? मला वाटते, याचे उत्तर असे की, प्रभूच्या दृष्टीने हे दोन रोग नसून एकच आहे. ज्याच्यापाशी आहे तो उद्याच्या भयाने कोठार वाढवितो. ज्याच्यापाशी नाही तो त्याच भयाने रात्रभर जागतो. एकाच्या हाती विटा आहेत, दुसऱ्याच्या नाहीत, एवढाच काय तो भेद. दुसऱ्याच्या हाती उद्या विटा आल्या तर तोही बांधावयास लागेल.

प्रभूने धनासाठी जो 'मामोन' हा शब्द योजिला, त्याचा संबंध अनेक पंडित भरवसा ठेवणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. आपल्या प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' शब्दही त्याच धातूचा. म्हणजे ज्याच्यावर मनुष्य आपला भार टाकितो ते मामोन. हे खरे असेल, तर धनाविषयीचा प्रश्न किती आहे असा नसून, रात्री झोप कशाच्या आधाराने लागते असा आहे. आणि तो पाच हजारांच्या धन्यालाही विचारता येतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवावर भरवसा म्हणजे संचय न करणे, असा अर्थ कित्येक भाविक करतात आणि कित्येक आळशी लोक त्याचा फायदा घेतात. शास्त्र असे म्हणत नाही. पौल तंबू शिवून पोट भरीत असे. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवून ठेविला, म्हणूनच दुष्काळात माणसे जगली. (त्याच धान्याच्या बदल्यात पुढे लोकांची गुरे आणि जमिनी फारोच्या झाल्या, हेही उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात प्रांजळपणे लिहून ठेविलेले आहे, आम्ही शिक्षक तो अध्याय सहसा वर्गात घेत नाही.) याच्या उलट रानात मान्ना पडला तेव्हा ज्यांनी तो दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेविला त्यांच्या भांड्यात किडे पडले, मात्र शब्बाथासाठी ठेविलेला टिकला. ठेवणे तेच, भांडे तेच. कशासाठी व कोणासाठी ठेविले, यावर सगळे अवलंबून.

श्रीमंतास देवाच्या राज्यात जाणे कठीण, हे सांगताना प्रभूने सुईच्या नाकाचा व उंटाचा दाखला दिला. यावर, यरुशलेमेत 'सुईचे नाक' नावाचा एक लहान दरवाजा होता व उंटास ओझे उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाता येई, असे एक स्पष्टीकरण आमच्या मंडळ्यांत मोठ्या आवडीने सांगितले जाते. मीही ते पुष्कळ वर्षे सांगत आलो. पुढे कळले की, प्रभूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. ही कथा शेकडो वर्षांनंतरची आहे. तरी ती मरत नाही, आणि का मरत नाही हे उघड आहे. उंट लहान करता येत नाही, म्हणून आम्ही सुई मोठी केली.

आता ऋणाकडे वळू. मोशेच्या नियमशास्त्रात गरिबास दिलेल्या कर्जावर व्याज घेण्यास मनाई आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते, आणि आपल्या वर्गातील मुसलमान विद्यार्थ्यांस ती आपल्या घरचीही वाटेल. पण मला व्याजाच्या नियमापेक्षा दोन लहान नियम अधिक हृदयस्पर्शी वाटतात. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, कारण रात्री तो काय पांघरणार? आणि कोणाचे जाते किंवा जात्याची तळी गहाण घेऊ नये. ज्या घरात आजी जात्यावर बसलेली आठवते, त्या घरातील मुलास या नियमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तळी नेली म्हणजे भाकर नेली. धनकोचे येणे खरे असेल. कागद पक्का असेल. तरी उद्याच्या भाकरीपर्यंत त्याचा हात पोचता कामा नये, एवढीच मर्यादा देवाने घातली.

ती मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते, हे आपल्याच मुलखाने पाहिलेले आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले असता तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. त्या भरवशावर कुणब्यांनी कर्जे काढिली व सावकारांनी ती हात सैल सोडून दिली. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी करून तो वाढविला. आणि कागदावरील आकडे मात्र वाढतच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे (पारनेराजवळचे सुपे निराळे) लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि दंगा पुणे व अहमदनगर, म्हणजे हल्लीचे अहिल्यानगर, या जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. त्या दंग्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांचा मुख्य रोख माणसांवर किंवा पैशावर नव्हता. त्यांना कर्जरोखे हवे होते. ते हिसकून घेऊन त्यांनी जाळले. सरकारने चौकशी नेमिली, व १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानंतर १९४६ चा सावकारी कायदा आला, आणि आता २०१४ चा आहे. कायदे होतात ते बरेच आहे. परंतु हल्ली सावकार ओसरीवर बसत नाही, तो विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाइलमध्ये बसतो, आणि घेणाऱ्यास पाचच मिनिटांत पैसे देऊन त्याच्या सगळ्या नातेवाइकांचे क्रमांक गहाण ठेवून घेतो. जाते गेले, अब्रू हे नवे गहाण आले.

रोखे जाळण्यापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे देहू येथे दुसरी एक गोष्ट घडल्याचे परंपरा सांगते. तुकोबांचे घराणे वाणसवद्याचे व देवघेवीचे. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ त्यांच्या घरावरूनही गेला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली असे म्हणतात. पुढे वडिलांच्या वेळचे कर्जरोखे समोर आले, तेव्हा त्यांनी अर्धे धाकट्या भावास त्याचा वाटा म्हणून दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडिले. सुप्याचे रोखे ऋणकोंनी जाळले. देहूचे रोखे धनकोने बुडविले. दोहोंत कागद नाहीसा झाला, पण माझ्या मते प्रार्थनेतील ऋणाच्या कलमाचा अर्थ दुसऱ्या गोष्टीत अधिक स्पष्ट दिसतो. तुकोबांनी भावाचा वाटा बुडविला नाही, हेही मला फार मोलाचे वाटते. आपल्या विश्वासाची किंमत आपणच द्यावयाची असते.

येथे मी थांबलो असतो तर लेख सरळ झाला असता, आणि तो पुन्हा सावकारांस उद्देशून आहे असे वाचकांस वाटले असते. म्हणून आता जे लिहावयाचे ते माझ्याविषयी आहे.

२०१६ साली मी एका पतसंस्थेत १ लाख ४० हजार रुपये ठेव ठेविली होती. संस्था ठेवींवर बँकांपेक्षा बरेच अधिक व्याज देत असे. ते कसे परवडते हा प्रश्न मी कधी विचारला नाही. कारण उत्तर ऐकावयाची माझी इच्छा नव्हती. बँकेतील ठेवीस कायद्याने विम्याचे संरक्षण असते (तेव्हा १ लाखापर्यंत, २०२० पासून ५ लाखांपर्यंत), व पतसंस्थेतील ठेवीस ते नसते, हे मला बी.ए. होऊनही ठाऊक नव्हते. मोठ्या मुलाच्या शिक्षणासाठी साठवितो आहे, असे मी स्वतःस सांगत असे, आणि ते खोटेही नव्हते. लोभ नेहमी दूरदर्शीपणाचा कोट घालूनच घरात येतो. उघडा आला तर आपण त्यास दारातूनच घालवून देऊ.

आमच्या शाळेत तेव्हा एक शिपाई होते. मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणत असू. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी ८५ हजार रुपये जमविले होते व ते कोठे ठेवावे असे मला विचारिले. मी त्यांना शिक्षकांच्या खोलीत बसवून, पाठकोऱ्या कागदावर चक्रवाढ व्याजाचे गणित मांडून दाखविले. ते म्हणाले, "सर, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही ठेवलेत ना? मग झालं." त्यांनी पैसे ठेविले.

काही महिन्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी, त्या संस्थेत नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो फार वेळ बसला नाही. "सर, सोमवारी येऊन पैसे काढून घ्या. कोणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल," एवढे बोलून तो गेला. रविवारी मी उपासनेस गेलो. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी माझे सगळे पैसे काढून आणिले, आणि मामांस काही बोललो नाही. मी शब्द दिला आहे, सगळेच धावले तर संस्था आजच बुडेल, कदाचित काही होणारही नाही, उद्या सांगू. अशी चार कारणे मजजवळ होती, व चारही चांगली होती. बुधवारी संस्थेच्या दाराला कुलूप लागले.

गुरुवारी सकाळच्या शास्त्रपाठाची पाळी माझी होती. वाचनाच्या क्रमाने आलेला भाग मोठ्या कोठारांचाच होता. मी तो वाचला, त्यावर पाच मिनिटे बोललो, आणि मामा सभागृहाच्या दाराशी घंटेच्या दोरीजवळ उभे होते. मुलांनो, तुमच्यापैकी जे तेव्हा पाचवी-सहावीत होते त्यांस ते भाषण आठवत नसेल, याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

घरी हे मी पत्नीस सांगितले. मला वाटले, ती माझे सांत्वन करील. ती म्हणाली, "त्यांचे पैसे आधी द्या, मग प्रार्थना सांगा." प्रभु घरी आला तेव्हा जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांस देऊन, अन्यायाने घेतलेल्याची चौपट भरपाई करण्याचे कबूल केले. मी जक्कय नव्हे. माझ्याच्याने एकपटही एकदम दिले गेले नाही. ४० हजार तेव्हा दिले व बाकीचे पुढील दोन वर्षांत, तेही कुरकुर न करता दिले असे म्हणवत नाही. मामांनी ते फुकट घेण्याचे नाकारिले. "उसने म्हणून घेतो," असे म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि लग्न पार पडल्यावर दरमहा पगाराच्या दिवशी हजार रुपये आणून देऊ लागले. ज्याचे मी देणे लागत होतो तो माझे ऋण फेडीत होता, आणि मी ते घेत होतो. कारण न घ्यावे तर कारण सांगावे लागले असते.

चौथ्या हप्त्यास मी ते सांगितले. शनिवारच्या रात्रीपासून बुधवारपर्यंतचे सर्व. मामा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या रजेचा अर्ज मीच ऑफिसात नेला होता, सर. कुलूप लागलं त्याच दिवशी मला कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहत होतो."

चिठ्ठी मी त्यांच्यासमोर फाडिली, व चार हजार रुपये परत केले. ते त्यांनी या वेळी घेतले. मामा आता सेवानिवृत्त आहेत. नाव न घालण्याच्या अटीवर त्यांनी मला हे लिहिण्याची मोकळीक दिली आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी राज्यात १९९९ पासून कायदा आहे, व त्याखाली अनेक खटले चालतात. परंतु मामांच्या बाबतीत सावकार कोण होता आणि कोणता कायदा मोडला गेला, हे ठरविणाऱ्या न्यायालयात मी स्वतःच रोज उभा असतो.

माझ्या पत्नीच्या त्या एका वाक्यावरून मला आणखी एक विचार सुचला, तो थोडा विषयांतराचा असला तरी लिहितो. देवावर भरवसा ठेवणाऱ्या थोर पुरुषांच्या घरात चूल कोण पेटवीत असे? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला. त्याआधीही त्यांच्या हाती आलेला पैसा हातात राहत नसे. त्यांच्या त्यागास आपण नमस्कार करतो. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना, हसता हसता, लक्ष्मीबाईंना किती वेळा रिकाम्या डब्यांकडे पाहावे लागले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. तुकोबांच्या जिजाईस परंपरेने कजाग ठरविले आहे. मुले उपाशी असलेल्या बाईने गोड बोलावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा दुष्काळ पाहावयास हवा होता. दुसऱ्याच्या ताटातील भाकरीच्या जोरावर आपण देवावर भरवसा ठेवू लागलो, तर तो भरवसा आहे की लोभाचाच एक सोज्ज्वळ प्रकार, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

म्हणूनच हिशेब ठेवणाऱ्या भाविकांविषयी मला अधिक आदर वाटतो. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ साली पहिले अनाथगृह उघडले, आणि पुढे अ‍ॅशली डाऊन येथे सुमारे दोन हजार मुलांची सोय होईल अशा पाच इमारती उभारिल्या. कोणाही माणसाजवळ मागावयाचे नाही व कर्ज काढावयाचे नाही, हा त्यांचा नियम. हेच म्यूलर लहानपणी वडिलांजवळच्या सरकारी वसुलाचे पैसे चोरीत असत, ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. कदाचित त्यामुळेच असेल, पण जमा झालेल्या देणग्यांचा हिशेब ते नियमाने छापून प्रसिद्ध करीत. न मागणारा मनुष्य दरवर्षी अहवाल छापतो, हेही एक मागणेच, असे टीकाकार म्हणत. म्हणोत बापडे, ज्याचा हिशेब उघडा आहे त्याच्यावर टीका करणे सोपे असते, हा काही हिशेबाचा दोष नव्हे.

पंडिता रमाबाईंनी म्यूलर यांचे चरित्र वाचिले होते. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडताना त्यांस अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिलेले होते. ती दहा वर्षे सरत आली तेव्हा देशात दुष्काळ होता. अशा वेळी त्यांनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे निराधार मुली आणिल्या. कोणाही हिशेबनिसाने हे वेडेपण ठरविले असते. पण त्या आधीच केडगावास जमीन घेऊन बसल्या होत्या. तेथे त्यांनी विहिरी खणविल्या, झाडे लाविली, पुढे छापखाना घातला, मुलींस हातची कामे शिकविली. १९०० च्या दुष्काळात तेथील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली, व त्यांस रोजची भाकर मिळाली. रमाबाईंचा भरवसा प्रार्थनेवर होता, आणि विहीर किती हात खोल गेली हेही त्या विचारीत असणार. मुक्ती मिशन आजही केडगावी आहे. पुणे-दौंड मार्गावरच ते लागते. नववीच्या वर्गाची सहल दरवर्षी कोठल्या तरी पाण्याच्या उद्यानात नेण्याऐवजी एकदा तेथे न्यावी, असे मी सुचवून ठेवितो.

दुसरी सूचना पैशाची आहे. आपल्या शाळेत गरीब विद्यार्थ्यांसाठी एक निधी आहे. कापणीच्या सणास व नाताळात त्यात भर पडते, वर्षभर त्यातून वह्या, गणवेश व परीक्षेची फी दिली जाते. तो निधी सांभाळण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्याचा हिशेब आजवर माझ्या कपाटातच राहिला. त्यात खोट नाही. पण पतसंस्थेच्या कागदांतही खोट नाही असेच मला सांगण्यात आले होते. म्हणून यापुढे प्रत्येक सत्राअखेर हा जमाखर्च, घेणाऱ्या मुलांची नावे वगळून, दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनी तपासावा व मुख्य दरवाजाजवळच्या फळ्यावर लावावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांस लेखी केली आहे. तपासणीसाठी पहिल्या दोन विद्यार्थ्यांची नावे त्यांनी मागितली आहेत. ज्यांचे गणित चांगले आहे आणि ज्यांस शिक्षकास प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत नाही, अशांनी शुक्रवारपर्यंत मला भेटावे.